प्रयोग पालकांच्या हाती
(सुवर्णमहोत्सवानिमित्त आयोजित व्याख्यानाचा मजकूर)



संस्थेच्या जीवनातील पन्नास वर्षे म्हणजे दोन पिढ्यांचा काळ होय. पहिल्या वर्षी जी मुले आईचे बोट धरून सभागृहात आली असतील, ती आज नातवंडांचे बोट धरून येत आहेत. अशा प्रसंगी मागील कार्याचे स्मरण जसे उचित, तसाच पुढील पिढीच्या हाती काय द्यावयाचे याचा विचारही उचित ठरतो. आजच्या व्याख्यानाचा विषय विज्ञानाची गोडी हा आहे. मात्र ही गोडी मुलांना कशी लावावी हा प्रश्न येथे दुसरा आहे. ती पालकांना कशी लागेल, हा पहिला.

हा क्रम उलटा वाटण्याचा संभव आहे. विज्ञान शाळेत शिकवले जाते. शिकवणी वर्गांसाठी पालक काटकसर करून पैसा उभा करतात. पुस्तके, वह्या, प्रवासखर्च यांत कोठे कमी पडू देत नाहीत. एवढे केल्यानंतर पालकाने आणखी काय करावयाचे? परंतु घराघरांतील एक नित्याचा प्रसंग पाहावा. लहान मूल विचारते, ‘आई, तव्यावर पाण्याचे थेंब का नाचतात?’ वडिलांना विचारते, ‘बाबा, दुपारी सावली लहान का होते?’ उत्तर ठाऊक नसल्याचा संकोच वडीलधाऱ्यांना अडवतो आणि ‘मोठा झालास म्हणजे कळेल’, ‘आधी गृहपाठ कर’ असे काहीतरी बोलून प्रश्न मिटवला जातो. आठ-दहा वेळा असे घडले की मूल विचारणे सोडून देते. पुढे दहावी-बारावीला त्याच मुलासाठी महागडी शिकवणी लावली जाते, तेव्हा सूत्रे पाठ होतात. पण विचारण्याची सवय बालपणीच मोडलेली असते. ती कोणत्याही शिकवणीत विकत मिळत नाही.

यात पालकांचा दोष मानण्याचे कारण नाही. बहुतेक पालकांनी विज्ञान शिकले ते फळ्यावरील आकृतीतून आणि वहीतील उत्तरांतून. स्वतःच्या हातांनी एखादी गोष्ट करून पाहिली, अंदाज चुकला, पुन्हा केली आणि उमगली, हा आनंद त्यांच्या वाट्याला फारसा आलाच नाही. ज्याने फळ चाखले नाही, त्याने त्याची गोडी दुसऱ्यास कशी सांगावी? म्हणून पालकांना विज्ञानाचे महत्त्व पटवून देणारी भाषणे पुरेशी नाहीत. त्यांच्या हाती प्रयोग द्यावयास हवा.

एक साधे उदाहरण घ्यावे. पांढऱ्या सदऱ्यावर वरण सांडले, पिवळा डाग पडला आणि साबण लावताच तो डाग तांबडा झाला, हे प्रत्येक गृहिणीने शेकडो वेळा पाहिले आहे. असे का होते, हा प्रश्न मात्र क्वचितच कोणी विचारला असेल. वरणातील हळदीचे रंगद्रव्य आम्लारिधर्मी पदार्थाच्या, म्हणजे साबण, चुना, सोडा यांच्या संपर्कात तांबूस होते आणि लिंबासारखे आम्ल मिळताच पुन्हा पिवळे होते. हळदीत चुना मिसळून कुंकू करण्याच्या जुन्या पद्धतीमागे हेच रसायनशास्त्र आहे. हळदीच्या पाण्यात कागद भिजवून वाळवावा, त्याच्या पट्ट्या कापाव्यात आणि सभागृहात बसलेल्या प्रत्येक मातेच्या हाती एकेक द्यावी. समोर साबणाचे पाणी, चुन्याची निवळी, खाण्याचा सोडा, चिंचेचे पाणी, ताक, लिंबाचा रस अशा वाट्या ठेवाव्यात. थेंब टाकण्यापूर्वी रंग बदलेल की नाही, एवढा अंदाज कागदावर लिहून घ्यावा. पंधरा मिनिटांत त्या सभागृहात जी कुजबुज, जो वाद आणि जे हसू उमटेल, तीच विज्ञानाच्या गोडीची सुरुवात. आपल्याच स्वयंपाकघरात आपण इतकी वर्षे रसायनशास्त्र पाहत होतो, याची जाणीव ज्या मातेला झाली, ती मुलाच्या पुढच्या प्रश्नाला ‘चल, करून पाहू’ असे उत्तर देईल.

अचलपूरच्या उत्तरेस सातपुडा ओलांडला की बैतूल जिल्हा लागतो आणि त्यापुढे होशंगाबाद, ज्याचे नाव २०२२ पासून नर्मदापुरम झाले आहे. या शेजारच्या प्रदेशात १९७२ साली सोळा उच्च प्राथमिक शाळांमध्ये होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम सुरू झाला. किशोर भारती आणि रसुलिया येथील फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी तो आरंभिला आणि पुढे १९८२ साली स्थापन झालेल्या एकलव्य संस्थेने तो चालवला. मुलांनी गटागटाने प्रयोग करावेत, स्वतः निरीक्षण नोंदवावे, त्यावरून निष्कर्ष काढावा आणि परीक्षेलाही पुस्तक उघडे ठेवून बसावे, अशी ती पद्धती होती. पुण्यातील मोटार कारखान्यात अभियंता असलेले अरविंद गुप्ता १९७८ साली रजा घेऊन या कार्यक्रमात गेले. तेथील बाजारात मिळणारी सायकलची व्हॉल्व्हची नळी आणि आगकाड्या एवढ्या साहित्यातून त्यांनी भूमितीच्या आकृती उभ्या केल्या. टाकाऊ वस्तूंतून विज्ञानखेळणी करण्याचे त्यांचे कार्य पुढे पुण्याच्या आयुका संस्थेतील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत बहरले आणि २०१८ साली त्यांना पद्मश्री हा सन्मान लाभला.

होशंगाबादचा तो कार्यक्रम शेकडो शाळांपर्यंत पोचला. तरीही २००२ साली शासनाने तो बंद केला. या पद्धतीने शिकलेली मुले पुढे मंडळाच्या परीक्षेत मागे पडतात, असा आक्षेप त्या वेळी घेण्यात आला होता. आक्षेप योग्य की अयोग्य, याचा निवाडा येथे करावयाचा नाही. विचार करण्याजोगी गोष्ट एवढीच, की ज्या शिक्षणाची चव पालकाने स्वतः घेतलेली नाही, त्याच्या रक्षणासाठी तो उभा कसा राहील? गुण हे पालकाला दिसतात. समजलेली गोष्ट दिसत नाही. ती दिसावी असे वाटत असेल, तर प्रयोगाच्या मेजाशी मुलाच्या शेजारी पालकालाही जागा द्यावी लागेल.

प्रौढ माणसे या वयात काय शिकणार, अशी शंका काहींच्या मनात येईल. तिचे उत्तर अमरावती जिल्ह्यातच मिळते. २०१६ साली पानी फाउंडेशनने वॉटर कप ही जलसंधारणाची स्पर्धा सुरू केली, तेव्हा पहिल्या वर्षी निवडलेल्या तीन तालुक्यांत साताऱ्याचे कोरेगाव, बीडचे अंबाजोगाई यांच्यासह आपले वरूड होते. गावोगावच्या स्त्री-पुरुषांना प्रथम प्रशिक्षण देण्यात आले. त्यात हायड्रोमार्कर नावाचे एक साधे साधन होते. दोन मोजपट्ट्या आणि त्यांना जोडणारी, पाण्याने भरलेली पारदर्शक नळी, एवढेच त्याचे स्वरूप. नळीच्या दोन्ही टोकांतील पाणी समान पातळीवर राहते, हा नियम इयत्ता सहावी-सातवीच्या पुस्तकात असतो. तोच नियम हाती घेऊन शेतकऱ्यांनी डोंगरउतारावर समपातळीची रेषा शोधली आणि त्या रेषेवर चर खोदले. ज्यांनी शाळा अर्ध्यावर सोडली होती, अशांनाही हे मोजमाप जमले. कारण ते त्यांच्या शिवाराचे आणि त्यांच्या पाण्याचे मोजमाप होते. मोठ्या माणसाला शिकता येत नाही हा समज चुकीचा आहे. त्याच्या जगण्याशी ज्याचा संबंध नाही, ते शिकण्यात त्याला रस वाटत नाही, इतकेच खरे.

मग असे प्रयोग कोठे करावेत? शाळेच्या प्रयोगशाळेत पालकाला संकोच वाटतो. समाजाच्या सभागृहात तो हक्काने येतो. याबाबत डॉ. विक्रम साराभाई यांचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. अहमदाबादच्या जैन कुटुंबात १९१९ साली जन्मलेल्या या शास्त्रज्ञाला देश अवकाशसंशोधनाचा जनक म्हणून ओळखतो. परंतु १९६६ साली त्यांनी अहमदाबादेत एक सामुदायिक विज्ञान केंद्रही उभारले, याची माहिती फार थोड्यांना असते. विद्यार्थी, शिक्षक आणि सामान्य नागरिक यांनी एकत्र येऊन विज्ञान हाताळावे, हा त्यामागील हेतू होता. या केंद्राच्या कार्यक्रमात २२ डिसेंबर १९६८ रोजी सर सी. व्ही. रामन यांनी आकाश निळे का दिसते, या विषयावर व्याख्यान दिले. नोबेल पारितोषिक मिळवलेल्या वयोवृद्ध शास्त्रज्ञाने लहान मुलाचा प्रश्न व्याख्यानासाठी निवडावा, यातच पुष्कळ काही आले. आपल्या महाराष्ट्रात मराठी विज्ञान परिषदेची स्थापनाही १९६६ सालचीच. विज्ञान मातृभाषेतून सर्वसामान्यांपर्यंत नेण्याचे कार्य ती तेव्हापासून करीत आहे.

अचलपूर-परतवाडा परिसराला निसर्गाने जणू तयार प्रयोगशाळाच दिली आहे. पहिला प्रयोग चिखलदऱ्याचा. अचलपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३७० मीटर उंचीवर, तर चिखलदरा सुमारे ११०० मीटर उंचीवर आहे. सहलीला गेलेल्या कुटुंबाने तेथे प्लास्टिकची एक रिकामी बाटली घ्यावी आणि झाकण घट्ट लावून ती बॅगेत ठेवावी. घाट उतरून परतवाड्यास आल्यावर ती बाटली आत दबलेली दिसेल. वर हवेचा दाब कमी, खाली अधिक. बाटलीतील हवा मात्र वरचीच. याउलट खाली घेतलेली फराळाची बंद पिशवी घाट चढताना फुगते. थर्मामीटर सोबत असल्यास दोन्ही ठिकाणी पाणी उकळून पाहावे. चिखलदऱ्याला ते दोन-अडीच अंश आधीच उकळते आणि म्हणूनच तेथे उघड्या पातेल्यात डाळ शिजण्यास अधिक वेळ लागतो. प्रेशर कुकरचे झाकण नेमके काय काम करते, हे ज्या गृहिणीने चिखलदऱ्याला डाळ शिजवली आहे तिला निराळे समजवावे लागत नाही.

दुसरा प्रयोग पाण्याचा. पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा अमरावती, अकोला आणि बुलढाणा या जिल्ह्यांत पसरला आहे. दर्यापूरकडील आप्तांच्या विहिरीचे पाणी आणि सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या अचलपूरचे पाणी यांतील फरक जिभेला ठाऊक आहे. तो डोळ्यांनी पाहता येतो. सारख्या आकाराच्या काचेच्या बशांत सारखेच पाणी मोजून घ्यावे, प्रत्येकीवर गावाचे नाव लिहावे आणि उन्हाळ्यात गच्चीवर वरून विरळ कापड बांधून वाळू द्यावे. पाणी उडून गेल्यावर बशीत उरलेला पांढरा थर कोणाचा किती जाड, हे लहान मूलही सांगेल. तीच पाणी सारख्या बाटल्यांत घेऊन, सारखेच साबणाचे थेंब टाकून हलवावीत आणि फेसाची उंची पट्टीने मोजावी. सासर-माहेरच्या पाण्याची अशी तुलना होऊ लागली की सुना-सासवा दोघीही पट्टी हातात घेतील, यात शंका नाही.

तिसरा प्रयोग अधिक मोठा आहे. आज वऱ्हाडातील कितीतरी घरांतील मुले-मुली नोकरीनिमित्त बंगळुरात असतात. योगायोग असा, की अचलपूर आणि बंगळूर ही दोन्ही नगरे जवळजवळ एकाच रेखांशावर, सुमारे साडेसत्त्याहत्तर अंशांवर आहेत. त्यामुळे दोन्ही ठिकाणी सूर्य एकाच वेळी माथ्याच्या रेषेवर येतो. २१ मार्चच्या सुमारास दुपारी सव्वाबारापासून पाऊण वाजेपर्यंत सपाट गच्चीवर एक मीटर लांबीची काठी ओळंब्याने सरळ उभी करावी आणि दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खूण करावी. सर्वांत आखूड सावली अचलपुरात सुमारे ३९ सेंटिमीटर, तर बंगळुरात सुमारे २३ सेंटिमीटर भरेल. काठी आणि सावली यांचा त्रिकोण कागदावर प्रमाणात काढून कोनमापकाने कोन मोजला, तर एकीकडे सुमारे २१ अंश आणि दुसरीकडे सुमारे १३ अंश येतो. अधिक काटेकोर मोजल्यास फरक ८.३ अंशांच्या जवळ जातो. या दोन नगरांतील सरळ अंतर सुमारे ९२० किलोमीटर आहे. ८.३ अंशांना ९२० किलोमीटर, तर ३६० अंशांना किती? त्रैराशिक मांडताच पृथ्वीचा परीघ सुमारे ४० हजार किलोमीटर मिळतो! इसवी सनपूर्व तिसऱ्या शतकात एराटोस्थेनिस या ग्रीक विद्वानाने इजिप्तमधील दोन नगरांच्या साहाय्याने पृथ्वी अशीच मोजली होती. आई-वडील अचलपूरच्या गच्चीवर, मुलगी बंगळूरच्या गच्चीवर आणि दोघांच्या मोजमापातून पृथ्वीचा आकार, यापेक्षा सुंदर कौटुंबिक संवाद कोणता असेल? कोन मोजण्यात एका अंशाची चूक झाली, तर उत्तर पाच हजार किलोमीटरांच्या आसपास चुकते, हेही या प्रयोगातच कळते. काटेकोरपणाचे मूल्य अशा चुकीतून जितके पटते, तितके उपदेशातून पटत नाही. मात्र सूर्याकडे थेट पाहू नये, हा नियम मोठ्यांनी स्वतः पाळून मुलांना शिकवावा. मे महिन्याच्या अखेरच्या आठवड्यात अचलपुरात एका दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली क्षणभर नाहीशी होते. तो दिवस पंचांगाविना शोधून काढणे हाही मुलांसाठी आणि आजोबांसाठी उत्तम उपक्रम होय.

आणखी एका प्रयोगाचा उल्लेख या सभागृहात करणे अगत्याचे आहे. पाणी गाळून पिण्याची परंपरा श्रावकाच्या घरात पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. तिच्यामागे जीवदयेची भावना आहे आणि ती भावना कोणत्याही प्रयोगाच्या प्रमाणपत्रावर अवलंबून नाही. तरीही गाळण्याने पाण्यात नेमका काय फरक पडतो, हे पाहण्यास काहीच हरकत नाही. बांगलादेशातील मतलब भागात डॉ. रीटा कोलवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ६५ गावांत असा अभ्यास केला. जुन्या सुती साडीच्या अनेक पदरी घडीतून पाणी गाळणाऱ्या गावांत पटकीचे प्रमाण सुमारे ४८ टक्क्यांनी घटले, असे त्यांनी २००३ साली प्रसिद्ध केले. पटकीचे जंतू पाण्यातील सूक्ष्म प्राण्यांना चिकटून राहतात आणि ते प्राणी कापडाच्या घडीत अडकतात. परंतु एकटा, सुटा जंतू कापडाच्या छिद्रांपेक्षा कितीतरी लहान असतो; तो पार निघून जातो. म्हणजे गाळणे उपयोगी आहे, मात्र आजारापासून पूर्ण संरक्षणासाठी ते एकटे पुरेसे नाही. पाणी उकळण्याची जोड हवीच. हे दोन्ही अर्धे सारख्याच प्रामाणिकपणे सांगणे, यालाच वैज्ञानिक दृष्टिकोन म्हणतात. आपल्याला प्रिय असलेल्या गोष्टीविषयीही जे दिसले तेवढेच बोलावे, अधिक बोलू नये, हा संस्कार मुलांवर व्हावयाचा तर त्यांनी तो पालकांच्या वागण्यात पाहिला पाहिजे. स्टॅनफर्ड विद्यापीठातील मनू प्रकाश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली जगापुढे आणलेला घडीच्या कागदाचा सूक्ष्मदर्शक आता सहज मिळतो. न गाळलेल्या आणि गाळलेल्या पाण्याचा एकेक थेंब त्यातून पाहावा आणि पाहून होताच पाणी जेथून आणले तेथेच हलक्या हाताने परत सोडावे. कोणत्याही जीवाला इजा न करता विज्ञान शिकता येते, हेही त्यातून मुलांच्या मनावर ठसेल.

हे सर्व प्रत्यक्षात आणण्यासाठी मोठ्या निधीची गरज नाही. महिन्यातून एक रविवार, दोन तास, संस्थेचे सभागृह आणि चार-पाच उत्साही कुटुंबे एवढे पुरे. काही पथ्ये मात्र पाळावी लागतील. पहिले पथ्य असे, की प्रयोग पालकांनी करावा आणि व्यासपीठावरून दाखवला जाऊ नये. दुरून पाहिलेला प्रयोग जादूच्या खेळासारखा करमणूक करून विसरला जातो. दुसरे, करण्यापूर्वी प्रत्येकाने आपला अंदाज लिहावा. चुकलेल्या अंदाजाला हसू नये. तिसरे, प्रयोग फसला तर तो लपवू नये, का फसला याची चर्चा करावी. चौथे, विज्ञानाचे शिक्षक उपस्थित असल्यास त्यांनी शेवटची दहा मिनिटेच बोलावे. पाचवे, आजी-आजोबांना आवर्जून बोलवावे. मुरवलेल्या दह्याविषयी, पापडाच्या खाराविषयी, कापसाच्या धाग्याविषयी त्यांच्याजवळ जे निरीक्षण आहे, ते कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाही.

यातून परीक्षेतील गुण वाढतील का, असा प्रश्न पालक विचारतील आणि तो विचारण्याचा त्यांना अधिकार आहे. वर्षभरात बारा प्रयोग केल्याने गुणपत्रिका बदलेल, असे आश्वासन देणे अप्रामाणिकपणाचे होईल. परंतु ज्या घरात प्रश्नाचे स्वागत होते, त्या घरातील मूल न समजलेल्या गोष्टीपाशी थांबते, विचारते, पुन्हा प्रयत्न करते. हा गुण प्रयोगशाळेत, दुकानात, शेतात, दवाखान्यात, सर्वत्र आयुष्यभर उपयोगी पडतो. खोट्या औषधाची जाहिरात असो की भ्रमणध्वनीवरून आलेली अफवा असो, ‘हे कशावरून?’ असे विचारणारा तरुण सहसा फसत नाही. भारतीय संविधानात १९७६ साली जी मूलभूत कर्तव्ये समाविष्ट झाली, त्यांत वैज्ञानिक दृष्टिकोन, मानवतावाद आणि शोधक बुद्धी यांचा विकास करणे हे नागरिकाचे कर्तव्य सांगितले आहे. त्या कर्तव्याचा आरंभ घरातील स्वयंपाकघरापासून होऊ शकतो.

सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने संस्था अनेक संकल्प करील. त्यांत एक लहानसा संकल्प असाही असावा, की येत्या वर्षात प्रत्येक कुटुंबातील किमान एका वडीलधाऱ्याने स्वतःच्या हातांनी एक प्रयोग करावा आणि त्याची नोंद संस्थेच्या वहीत आपल्या अक्षरात लिहावी: काय केले, काय वाटले होते, प्रत्यक्षात काय दिसले. वर्षाअखेरीस ती वही मुलांच्या हाती द्यावी. आपल्या आई-वडिलांचे अंदाजही चुकले होते आणि तरी त्यांनी पुन्हा करून पाहिले, हे त्या वहीत वाचणाऱ्या मुलाला प्रश्न विचारताना कधी भीती वाटणार नाही.